तांदळाचा कोपरा

"बाबा, गोधडी शिवताना सुई बोटात घुसली तर तुम्ही ओरडता का हो?"

विनताने हे विचारलं तेव्हा तिच्या हातात चिवड्याची बशी होती आणि ती बशी तिने रामरावकाकांपुढे धरली होती. प्रश्न बाबांना होता, पण मान उघड्या दाराकडे वळली होती. दाराबाहेर, बाबांच्या सायकलीआड, इंदू आणि शरयू या तिच्या मैत्रिणी उकिडव्या बसल्या होत्या. पैज त्यांनीच लावली होती. पाहुण्यांसमोर विचारायचं, मोठ्यानं विचारायचं, आणि विचारताना हसायचं नाही.

विनता हसली नाही. सायकलीची घंटी मात्र कुणाचा तरी कोपर लागून किणकिणली.

बाबांनी, श्रीपाद बोधनकरांनी, बशीतला चहाचा घोट संपवला. कप बशीत ठेवला.

"ओरडत नाही," ते म्हणाले. "बोट तोंडात घालतो."

आई, प्रमोदिनी, स्वयंपाकघराच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. ती पुढेही आली नाही आणि मागेही गेली नाही. रामरावकाका बशीतले शेंगदाणे निवडू लागले. एरवी ते चिवडा मूठभर उचलून तोंडात टाकत. फॅक्टरीत ते बाबांच्याच शॉपमध्ये काम तपासणारे चार्जमन होते, आणि बोलायला लागले की भोंग्यालाही ऐकायचे नाहीत असं कॉलनीत म्हणत. आज ते पुढचा शेंगदाणा शोधत राहिले. त्यांच्या बायकोने, विभावरीकाकूंनी, पदर सावरला.

"चला हो. बेबी एकटी आहे पोराजवळ."

"चहा तर संपू द्या, काकू," विनता म्हणाली.

"संपला," काकू म्हणाल्या. कप अर्धा भरलेला होता.

ते गेले. आईने त्यांचे कप उचलले. बाबांनी पेपर उघडला. विनता बाहेर धावली तेव्हा इंदू-शरयू पोट धरून हसत होत्या, आणि पैजेचे दोन समोसे कँटीनच्या कोपऱ्यावर लगेच वसूल झाले.

तिला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. मागच्याच महिन्यात शाळेच्या वादविवाद स्पर्धेत, 'देश की रक्षा में नारी का हाथ' या विषयावर, अकरावीच्या विनता बोधनकरला पितळेचा कप मिळाला होता. तो बाहेरच्या खोलीत रेडिओवर ठेवलेला होता. पाच मिनिटं आपण एवढ्या मोठ्या हॉलमध्ये बोललो आणि पाय लटपटले नाहीत, हा शोध तिला नवा होता. तेव्हापासून खरं असेल ते मोठ्यानं बोलावं, असं तिचं मत बनलं होतं. घरात, शाळेत, रॉकेलच्या रांगेत, ती बोलून राहिली होती.

आणि हे तर खरंच होतं. बोधनकरांच्या घरातल्या गोधड्या बाबा शिवत.

इंदूने ते पाहिलं ते योगायोगानं. लढाई होणार अशी हवा होती. फॅक्टरीत बारा-बारा तासांच्या पाळ्या लागल्या होत्या आणि कॉलनीतल्या सगळ्या काचांवर काळा कागद चिकटवायचा हुकूम निघाला होता. बोधनकरांच्या मागच्या खिडकीचा कागद एका कोपऱ्यात रुपयाएवढा फाटला होता. बॅडमिंटनचं फूल शोधायला इंदू मागे गेली आणि तिने त्या भोकातून आत पाहिलं. विनताचे बाबा जमिनीवर मांडी घालून बसले होते. गुडघ्यावर गोधडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, दातांत दोरा.

"अरे बाप रे," इंदू म्हणाली होती. "आमचे बाबूजी तर शर्टाचं बटन पण लावत नाहीत."

विनताला ते जन्मापासून माहीत होतं. सांगू नकोस असं तिला कुणी कधी बजावलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिलाही वाटलं नव्हतं. बाबा फॅक्टरीच्या कॅनव्हास शॉपमध्ये होते. तोफांच्या खोळी तिथे तयार होत. लांब शिवण मशीनवर जायची, पण कोपरे, कड्या आणि चामड्याच्या पट्ट्या हातानेच शिवाव्या लागत. ते बाबांचं काम. चार टाके सरळ, एक उलटा. म्हणजे पुढे कुठे दोरा तुटला तरी शिवण उसवत जात नाही. दिवसाचे बारा तास ते तोफेसाठी सुई चालवत, आणि त्याला कुणी हसत नसे. रविवारी सुट्टी मिळाली तर मागच्या खोलीत तीच सुई पातळांच्या तुकड्यांवर चाले.

सतरा वर्षांत त्या खोलीतून किती गोधड्या गेल्या त्याला गणती नव्हती. लग्नाच्या, बाळंतपणाच्या, कुणी रिटायर होऊन नागपूरला परत निघालं त्याच्या. पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत. कापड मात्र ज्याचं त्यानं आणायचं, वापरलेलं आणि धुतलेलं. आई ते तुकडे जमिनीवर पसरे. हा वहिनींच्या हळदीच्या पातळाचा, हा आजोबांच्या धोतराचा, हा जवळ नको, त्या दोघांचं पटत नव्हतं. ती मांडे, मोडे, पुन्हा मांडे. मग दार लोटून बाबा शिवायला बसत. आणि गोधडी ज्याची त्याला पोचवायला आई जाई. कॉलनीत त्यांना प्रमोदिनीबाईंची गोधडी म्हणत. पार सिविल लाइंसमधल्या एका मोठ्या साहेबांच्या घरीही तिची एक गोधडी होती, आणि ती कुणी पाहुणा आला की दाखवली जाई, असं आई क्वचित, म्हणजे वर्षातून दोनदा, सांगे.

काम बाबांचं आणि नाव आईचं. विनताला ते वादविवादाच्या विषयासारखं स्पष्ट दिसत होतं.

बातमी इंदू-शरयूच्या घरांतून निघाली आणि सोमवार संध्याकाळपर्यंत क्वार्टरांच्या साऱ्या लाइनभर झाली. मंगळवारी बाबा घरी येत असताना शॉपमधले शालिग्राम तिवारी सायकल हळू करून, गोधडी आता मागायची कुणाकडे अशा थट्टेत ओरडले,

"ओ बोधनकर भैया! हमाए लाने कब बन रई गुदड़ी? भौजी से कहें, के तुमई से?"

"बना देंगे," बाबा म्हणाले. हसलेही. सायकल भिंतीला टेकवली, हातपाय धुतले, जेवले.

शुक्रवारी रेडिओवर लढाईची बातमी आली. त्या रविवारची सुट्टी रद्द झाली. त्याच्या पुढच्या रविवारी अचानक अर्धा दिवस मिळाला. बाबा दुपारी घरी आले. जेवण झालं. विनताने मागच्या खोलीतली चटई झटकून ठेवली, खिडकीच्या भोकावर कागदाचं ठिगळ चिकटवलं. बाबा बाहेरच्या खोलीत, कालच वाचलेला पेपर वाचत बसले.

पलंगाखाली बेबीताईच्या पोराचं दुपटं गुंडाळून ठेवलेलं होतं. बेबीताई म्हणजे विभावरीकाकूंची मुलगी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नवरा, मोहन, फौजेत. कुठे आहे ते पत्रात लिहीत नव्हता. सासर मझौलीचं, तिथे तिचे सासू-सासरे वाट पाहत होते. सव्वा महिना झाला की पोराला घेऊन वीस तारखेला ती निघणार होती. मझौलीला उघड्या शेतांवरून वारा येतो, पोराला आधी दुपटं हवं, असं काकूंनी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं. त्यात बेबीताईच्या शाळेच्या फ्रॉकचा तुकडा होता, काकूंच्या मऊ झालेल्या इंदुरी पातळाचा होता, आणि मधोमध मोहनच्या एका जुन्या चौकड्याच्या शर्टाची पाठ होती. दोन तृतीयांश शिवून झालं होतं.

विनताने ते उलगडलं. सुई त्यात नव्हती. काम अर्धवट असलं की सुई बाबा तिथेच टोचून ठेवत, म्हणजे पुन्हा बसताना जागा शोधायला नको. सुई काढून डब्यात गेली होती, आणि डबा ट्रंकेत.

"बाबा, दुपटं राहिलंय."

"हो ना."

"बेबीताई वीसला जाणार."

"बघू," बाबा म्हणाले आणि पान उलटलं.

आईला विचारायची सोय नव्हती. आई रागावली असती तर बरं झालं असतं. वाद घालता आला असता. पण आई नेहमीसारखीच होती. फक्त रॉकेलच्या रांगेत शरयूची आई जेव्हा म्हणाली, "काय हो प्रमोदिनीबाई, आम्ही तर इतके दिवस तुमचंच कौतुक करून राहिलो," तेव्हा आईने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"हो," ती म्हणाली. "यांनाच येतं ते."

आणि रांग पुढे सरकली तशी सरकली.

बुधवारी विनताला एक युक्ती सुचली. बाबा लाजले आहेत. लाजायचं काही नाही हे बोलून पटत नसेल तर करून दाखवावं. घरातल्या अजून कुणी सुई हातात घेतली की बाबांचा एकटेपणा जाईल. शाळेतून आल्यावर तिने ट्रंकेतून डबा काढला. दुपट्याला एकदम हात लावायची हिंमत नव्हती, म्हणून स्वतःची गोधडी घेतली. ही घरातली सगळ्यांत पहिली गोधडी, ती जन्मली तेव्हाची. विटली होती, पण कुठे उसवली नव्हती. चार सरळ, एक उलटा, ओळीमागून ओळ, नांगरलेल्या शेतासारखी. फक्त एक कोपरा बिघडलेला होता. तिथले टाके लांब आणि तिरके होते, दोरा दुहेरी, गाठ वरच्या बाजूला आलेली. लहानपणी झोपताना ती हाच कोपरा मुठीत धरायची. आत काहीतरी कणीदार लागायचं. ते तांदूळ असतात हे नंतर कळलं. बोधनकरांकडची रीत होती ती: गोधडी कुणाच्या घरी जाताना उपाशी जाऊ नये, म्हणून शेवटच्या कोपऱ्यात हळद लावलेले चिमूटभर तांदूळ घालून मग तो बंद करायचा.

तिने कोपरा उसवला. जुने तांदूळ पिठासारखे झाले होते, ते मागच्या दारात झटकले. नवे घातले. मग चार सरळ, एक उलटा. दोनदा सुई बोटात घुसली आणि दोन्ही वेळा तिने बोट तोंडात घातलं. तासभर लागला. टाके अगदी बाबांसारखे नाही, पण शंभरातल्या नव्वद जणांना फरक कळला नसता.

बाबा आल्याबरोबर तिने गोधडी त्यांच्यापुढे धरली.

"बघा! बिघडलेला कोपरा होता ना, तो नीट केला."

बाबांनी कोपरा हातात घेतला. उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"सरळ आलेत टाके," ते म्हणाले. मग त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

आई हात पुसत बाहेर आली होती. तिने वाकून पाहिलं. नव्या टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"छान," ती म्हणाली. "थेट यांच्यासारखे."

आणि चुलीवर काही नव्हतं तरी आत गेली.

दुसऱ्या दिवशी लढाई संपली. शाळेत लाडू वाटले, कॉलनीत फटाके उडाले, रेडिओसमोर पंधरा माणसं बसली आणि विनताचा कप पडू नये म्हणून कुणीतरी उचलून कोनाड्यात ठेवला. शनिवारी मोहनचं कार्ड आलं. दोन ओळींचं. ठीक आहे, पोराला बघायला येतो, एवढंच. ते वाचून दाखवायला विभावरीकाकूंनी विनताला बोलावून घेतलं, कारण काकूंचा चष्मा सापडत नव्हता आणि बेबीताईला तिसऱ्यांदा वाचताना रडू येत होतं.

वाचून झाल्यावर काकू ट्रंक आवरायला बसल्या. परवा सकाळची बस होती.

"दुपट्याचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "झालं तर झालं. नाही तर ही मोठी आहेच, चार घड्या करून घालेल." त्यांनी बेबीताईच्या लग्नातली गोधडी काढून पलंगावर टाकली.

विनताचं लक्ष सवयीनं टाक्यांवर गेलं. ओळी सरळ होत्या. एका कोपऱ्यात लांब तिरके टाके, दुहेरी दोरा, वर आलेली गाठ.

"काकू, हिचापण कोपरा बिघडलाय. मी नीट करून देऊ का? तासाभराचं काम. बुधवारी माझा केला, एकदम मस्त झाला."

काकूंनी गोधडी स्वतःकडे ओढली.

"केलास म्हणजे? उसवलास?"

"हो. वाकडा होता ना."

बेबीताईने पोराला थोपटायचं थांबवलं. काकूंनी ट्रंक बाजूला सारली. मग उठल्या, कपाटातून आणखी दोन गोधड्या काढल्या, एक रामरावकाकांची आणि एक पाहुण्यांसाठी ठेवलेली. तिन्हींचा एकेक कोपरा शोधून त्यांनी पलंगाच्या कडेला ओळीनं मांडला. तीन वाकडे कोपरे. विनताने वाकून पाहिलं. तिन्हींतला तिरपेपणा एकाच बाजूचा होता.

"तुझी आई सुई कशी धरते, पाहिलंस कधी?" काकू म्हणाल्या. "उलथनं धरल्यासारखी. तिला नाही येत, आणि आवडत तर त्याहून नाही. पण शेवटचा कोपरा श्रीपादभाऊजी मोकळा सोडतात. तांदूळ घालून तो ती बंद करते. मग गोधडी घेऊन येते आणि म्हणते, आज पुरी केली. प्रत्येक वेळी असंच म्हणते. खोटं बोलत नाही ती."

विनताने त्यातला एक कोपरा अंगठ्याखाली धरला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"बाबा शिवतात ते."

"अगं, आमच्या यांचं आयुष्य गेलं त्या खोळी तपासण्यात. पहिली गोधडी आली तेव्हाच उलटी करून म्हणाले, हा तर श्रीपादचा टाका आहे. मी म्हटलं, असू द्या. ते म्हणाले, असू दे तर असू दे." काकूंनी गोधडीची एक घडी घातली. "लाइनीत निम्म्या घरांना माहीत आहे. निम्मी माणसं फॅक्टरीतलीच ना."

"मग कुणी बोललं काहून नाही?"

"काय बोलायचं होतं त्यात?"

विनताने कोपरा परत ओळीत ठेवला. 

"बोललो असतो तर आपल्यालाही कप मिळाला असता, आई," बेबीताई पोराला घेऊन कुशीवर वळत म्हणाली. सहज म्हणाली, पण विनताचे कान तापले.

"गप गं," काकू म्हणाल्या. मग विनताकडे न पाहता, "जुने टाके होते ना? पहिली गोधडी ती. तू चार दिवसांची होतीस. पाय खाली टेकवत नव्हते तुझ्या आईचे, इतकी अशक्त. बसून शिवला तिने तो कोपरा, मी होते तिथे. सहा टाके घालायला दुपार गेली."

रविवारी सकाळी साऱ्या लाइनीत खिडक्या खरवडायचा आवाज येत होता. काळे कागद निघत होते. बाबा मागच्या खोलीत स्टुलावर उभे राहून ओल्या फडक्याने आणि सुरीने काच मोकळी करत होते. खळ जुनी झाली होती, कागद एका तुकड्यात निघत नव्हता. विनताने लावलेलं ठिगळ तेवढं पटकन निघालं. जसजसा कागद जाई तसतसं ऊन चटईवर पुढे येई. आई त्या उन्हात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

विनता आली ती दोन्ही हातांत ओझं घेऊन. एका काखेत दुपटं, दुसऱ्या काखेत तिची गोधडी, आणि दातांत सुयांचा डबा. डबा तिने आधी खाली ठेवला. मग गोधडी चटईवर टाकली आणि कोपरा आईच्या समोर येईल अशी वळवली. कोपरा उघडा होता. तिने घातलेले सगळे टाके तिनेच सकाळी काढले होते. चार सरळ, एक उलटा. काढायला घालण्यापेक्षा जास्त वेळ लागला होता, कारण ते उसवू नयेत असेच असतात.

आईने कोपऱ्याकडे पाहिलं. सुपातली बोटं चालूच राहिली.

"काय आहे हे?"

"मी ठरवलंय," विनता म्हणाली. आवाज स्पर्धेतल्यासारखा यायला हवा होता, तसा आला नाही. "दुपटं मी पुरं करणार. आज संध्याकाळपर्यंत. बाबांनी शेजारी बसायचं, अर्ध्या ओळी त्यांनी घालायच्या. नाही तर होणार नाही. आणि इथे नाही, बाहेर ओट्यावर."

स्टुलावरचा सुरीचा आवाज थांबला.

"ओट्यावर?" बाबा म्हणाले.

"तिथे ऊन चांगलं आहे."

"येणारे-जाणारे असतात," आई म्हणाली.

"असू दे."

"कुणी विचारलं तर?"

विनताने काखेतलं दुपटं चटईवर ठेवलं. दारात उभं राहून सगळ्या लाइनीला ऐकू जाईल असं सांगायचं उत्तर तिच्याजवळ तीन आठवड्यांपूर्वी तयार होतं. विभावरीकाकूंकडची गोष्टही तयार होती, निम्म्या घरांना माहीत आहे ही. तीही तिने सांगितली नाही.

"आमच्या घरी गोधड्या शिवतात, म्हणून सांगीन," ती म्हणाली. "अजून काय?"

बाबा स्टुलावरून उतरले. फडकं बादलीत टाकलं, हात धोतराला पुसले. डबा उचलून त्यांनी झाकण काढलं आणि सुई उजेडाकडे धरून त्यात दोरा ओवला. एकदा एकेरी. मग दुसरी सुई घेतली, आणि तिच्यात दुहेरी ओवला. दुहेरी दोऱ्याची सुई त्यांनी कुणाला दिली नाही. ती सुपाच्या कडेला टोचून ठेवली.

आईची बोटं तांदळात थांबली होती. मग ती पुन्हा फिरू लागली, पण आता खडे काढत नव्हती. चार-दोन अखंड दाणे वेचून तिने डाव्या तळहातावर घेतले. पुन्हा थोडे वेचले, आणि ते वेगळे ठेवले.

"आणि शेवटचा कोपरा?" बाबांनी विचारलं. विचारताना त्यांनी दुपटं उलगडायला घेतलं होतं. "तो कोण करणार?"

"तो मला जमत नाही," विनता म्हणाली. "बुधवारी केला होता, बरोबर झाला नाही. दुपट्याचाही आणि माझ्या गोधडीचाही, दोन्ही आईनं करायचे. मी ठरवलंय."